बीसीएम बदलण्याआधी ड्रायव्हरचं दार तपासा

वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडतो. अलिबागची गाडी, सहा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर, बटण-स्टार्ट. दोन वर्षांपूर्वी बाहेरून डॅशकॅम आणि गिअरच्या पुढच्या कप्प्यात वायरलेस चार्जर बसवला. यंदाच्या पावसाळ्यानंतर चार दुखणी सुरू झाली. ड्रायव्हरच्या दाराच्या हँडलवरचं काळं बटण कधी चालतं, कधी नाही, डाव्या बाजूचं मात्र कायम चालतं. किल्ली गाडीतच असताना 'किल्ली सापडत नाही' असा इशारा येतो. आठवड्यातून एकदोनदा पहाटे सायरन वाजतो आणि शेजारी उठतात. गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसते. किल्लीचा सेल बदलला, गाडीची बॅटरीही नवी टाकली. आता सर्व्हिस सेंटरने बीसीएम आणि एक किल्ली मिळून ३८ हजारांचं एस्टिमेट हातात दिलंय. करू का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय चोर किल्लीचा सिग्नल पकडून गाडी नेतात हे खरं का, हाही प्रश्न आहे.

तूर्त ३८ हजार खिशातच राहू द्या.

बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. कुलपं, काचा, दिवे, वायपर, सायरन, सगळ्यांच्या वायरी शेवटी त्याच्यापाशी जातात. त्यामुळे यातलं काहीही बिघडलं तरी स्कॅनरवर, म्हणजे गाडीतले बिघाड वाचणाऱ्या यंत्रावर, नाव त्याचंच येतं, आणि एकदम चार तक्रारी आल्या की 'बीसीएम गेला' हे उत्तर फार सोपं वाटतं. मी बावीस वर्षं गाड्यांची इलेक्ट्रिकलची कामं करतोय. खरोखर मेलेला बीसीएम हातात आला, तेव्हा जवळजवळ दर वेळी मागे काही ना काही कहाणी होती: आत पाणी शिरलं, कुणी जंप-स्टार्टच्या वायरी उलट्या लावल्या, किंवा बॅटरीची टर्मिनल न काढता बॉडीवर वेल्डिंग केलं. तुमच्या गाडीत असं काही झालेलं नसेल, तर तो संशयितांच्या यादीत सगळ्यात शेवटी.

पुढचं समजायला एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. किल्ली आणि गाडी यांच्यात एक नाही, तीन वेगवेगळी बोलणी चालतात.

पहिलं बोलणं गाडीकडून किल्लीकडे. तुम्ही हँडलचं बटण दाबलं की हँडलमधला अँटेना किल्लीला हाक मारतो, साधारण १२५ किलोहर्ट्झवर, काही गाड्यांत १३४ वर. ही हाक मीटर-दीड मीटरच्या पुढे विरून जाते, आणि ती तशीच विरायला हवी. नाहीतर तुम्ही घरात जेवताय, किल्ली खिशात आहे, आणि बाहेर कुणीही हँडल दाबून दार उघडतंय असं होईल. केबिनमध्ये, मागच्या सीटखाली, डिकीत असे आणखी अँटेना असतात, त्यांच्यावरून किल्ली आत आहे की बाहेर हे गाडीला कळतं. दुसरं बोलणं किल्लीकडून गाडीकडे, आपल्याकडे बहुतेक गाड्यांत ४३३.९२ मेगाहर्ट्झवर. हाक ऐकू आली की किल्ली या वाटेने उत्तर देते, आणि रिमोटचं बटण दाबलं तरी वाट हीच. हे लांबवर जातं. तिसरं बोलणं इमोबिलायझरचं, म्हणजे ओळखीची किल्ली नसेल तर इंजिन चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं. किल्लीतल्या ट्रान्सपॉन्डरला, म्हणजे तिची ओळख सांगणाऱ्या चिपला, सेल लागतच नाही, जवळच्या कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रातून त्याला वीज मिळते आणि तेवढ्यावर तो जबाब देतो. म्हणूनच सेल पार मेला असला तरी किल्ली स्टार्ट बटणाला टेकवून गाडी चालू करता येते. काही गाड्यांत टेकवायची जागा वेगळी असते, कपहोल्डरच्या तळाशी किंवा स्टिअरिंग कॉलमला. मॅन्युअलमध्ये चित्र असतं, ते एकदा फुरसतीत बघून ठेवा. रात्री घाटात उभं राहून शोधायची गोष्ट नाही ती.

आता तुमची पहिली तक्रार या तीन वाटांवर तपासून बघा. रिमोटचं बटण दाबून गाडी लांबून उघडते, म्हणजे किल्लीचा आवाज गाडीपर्यंत पोहोचतो. त्याच किल्लीने डाव्या हँडलचं बटण दर वेळी चालतं, म्हणजे किल्लीला गाडीची हाक ऐकूही येते. राहिलं काय? फक्त उजव्या हँडलचं बटण, त्यातला अँटेना आणि तिथून आत येणाऱ्या वायरी. इतकं सगळं घरच्या अंगणात, एक पैसा न खर्चता कळलं. मग एस्टिमेटमधली नवी किल्ली कशासाठी, हे त्यांना विचारायला हरकत नाही.

तरी किल्लीवर शंका असेलच, तर एक छोटी तपासणी करा. किल्लीत हाक ऐकणारी जी कॉइल असते ती तीन दिशांची असते, म्हणजे किल्ली खिशात कशीही पडली तरी ऐकू येईल अशी. किल्ली दोन-चारदा फरशीवर आपटली की यातल्या एखाद्या दिशेचं सोल्डर सुटतं. मग तीच किल्ली आडवी धरली तर चालते आणि उभी धरली तर बहिरी होते, आणि मालक म्हणतो, 'मूड असेल तेव्हा चालते.' डाव्या हँडलपाशी हातभर अंतरावर किल्ली आडवी, उभी, कडेवर अशी तीन प्रकारे धरून बटण दाबा. तिन्हीत दार उघडलं तर कॉइल ठणठणीत. आणखी एक: किल्लीवरचा लाल दिवा लागतो म्हणजे सिग्नल जातोच असं नाही. आपटून आतला रेझोनेटर (सिग्नलची फ्रिक्वेन्सी ठरवणारा बारीक भाग) गेला तर दिवा लागतो आणि हवेत काहीच जात नाही. टीव्हीच्या रिमोटसारखं मोबाइलच्या कॅमेऱ्यात बघायचा सल्ला पुष्कळ जण देतात, तो इथे बिनकामाचा. हा इन्फ्रारेड नव्हे, रेडिओ आहे.

सेलचंही सांगतो, कारण नवा सेल टाकला म्हणजे तो प्रश्न संपला असं आपण धरून चालतो. सीआर२०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाडीचा. त्याजागी २०२५ दामटून बसवणारे दुकानदार मी पाहिलेत. व्यास तोच, जाडी कमी, त्यामुळे पट्टी नीट टेकत नाही आणि किल्ली हलवली की संपर्क तुटतो. नवा सेल मीटरवर ३ व्होल्टच्या वर, ३.२ च्या आसपास दाखवायला हवा. आपल्याकडे काउंटरवर उन्हात टांगलेली सेलची पाकिटं असतात, त्यातला 'नवा' सेल २.८ दाखवताना मी पाहिलाय. हल्ली लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून काही सेलांवर कडू लेप असतो, तो काही किल्ल्यांत पट्टीचा संपर्क होऊ देत नाही. कोरड्या फडक्याने कड पुसून घ्या.

दुसरी तक्रार, 'किल्ली सापडत नाही'. इथे मी तुमच्या वायरलेस चार्जरकडे बोट दाखवतो. हे चार्जर साधारण १०० ते २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात, आणि गाडीची किल्लीला मारलेली हाक १२५ वर, म्हणजे बरोबर त्याच पट्ट्यात. लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून कुणी कानात कुजबुजलं तर काय ऐकू येणार! तुम्ही लिहिलंय की फोन चार्जरवर आणि किल्ली शेजारच्या खळग्यात ठेवता. त्यात केबिनचा पुढचा अँटेना बऱ्याच गाड्यांत त्याच कन्सोलखाली असतो. आठवडाभर किल्ली खिशात ठेवा आणि चार्जरचा प्लग काढून ठेवा. इशारा एकदाही आला नाही तर दुसरी तक्रार तिथेच मिटली. चार्जरच्या अगदी जवळ ठेवलेली किल्ली सतत जागी होत राहते आणि तिचा सेलही लवकर संपतो, ते वेगळंच.

याच तक्रारीत आणखी दोन गोष्टी गोंधळ घालतात. एकाच जुडग्यात दोन ट्रान्सपॉन्डरच्या किल्ल्या असल्या, समजा घरातल्या दुसऱ्या गाडीची, तर किल्ली टेकवून चालू करताना दोघी एकदम बोलतात आणि गाडीला कुणाचंच कळत नाही. दुसरं म्हणजे, बटण दाबूनही सेल्फच लागत नसेल तर तो बहुतेक वेळा किल्लीचा दोष नसतोच. मॅन्युअल गाडीत क्लचच्या पेडलवर स्विच असतो, ऑटोमॅटिकमध्ये ब्रेकच्या. तो गेला की गाडीला वाटतं पेडल दाबलेलंच नाही. ऑटोमॅटिकवाल्यांनी मागे कुणालातरी उभं करून ब्रेक लाइट लागतो का बघावं, अर्ध्या मिनिटाचं काम. इमोबिलायझरने अडवलेली गाडी वेगळी वागते. बऱ्याच गाड्यांत सेल्फ फिरतो, इंजिन घेतं आणि दोन सेकंदांत बंद पडतं, नाहीतर नुसता सेल्फच फिरत राहतो, आणि डॅशबोर्डवर कुलपाचा किंवा किल्लीचा दिवा भराभर लुकलुकतो. हा फरक लक्षात ठेवला तर निम्मी धावपळ वाचते.

आता मुख्य गोष्ट, तुमचं उजवं दार. हँडलचं बटण, पहाटेचा सायरन आणि बसणारी बॅटरी, तिन्हींची वाट त्या दारातून जाते असा माझा कयास आहे.

ड्रायव्हरचं दार दिवसातून दहा वेळा उघडलं असं धरा. सहा वर्षांत ते वीस हजारांवर वेळा उघड-बंद झालं, आणि तितक्याच वेळा दार आणि खांब यांच्यामधल्या रबरी नळीतल्या वायरी वाकल्या. तांब्याच्या तारा आतल्या आत एकेक करून तुटत जातात, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं. बाहेरून बघणाऱ्याला हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, नवाकोरा दिसतो. त्यात समुद्रकाठची खारी हवा आणि पावसाचं पाणी मिळालं की तुटलेल्या टोकांवर हिरवा गंज धरतो. आणि या नळीतून काय काय जातं? हँडलचं बटण, हँडलचा अँटेना, लॉकची मोटर, काचेचे स्विच, स्पीकर, आणि दार उघडं की बंद हे सांगणारी लॉकमधल्या मायक्रोस्विचची वायर. ती शेवटची लक्षात ठेवा.

मागच्या पावसाळ्यानंतर रत्नागिरीकडून एक शिक्षक आले होते. तक्रार तुमच्यासारखीच, वर उजवी काच खाली जायची पण वर यायची नाही. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. मी चावी हातात घेतली आणि नुसतं दार हळूहळू उघडत नेलं. अर्ध्यावर आलं की 'टक' करून लॉक आपोआप पडायचं, आणखी थोडं उघडलं की डॅशबोर्डवरचं उघड्या दाराचं चित्र विझायचं, दार तर सताड उघडं! खांबाकडच्या बाजूने नळी सोडवली आणि मागे ढकलली. आतल्या वायरी एकेक करून दोन बोटांत धरून हलकेच ओढल्या. आत तांबं शाबूत असेल तर वायर ताठ राहते. तुटलं असेल तर प्लास्टिक रबरासारखं लांबतं, हाताला लगेच कळतं. पाच वायरी लांबल्या. एकीचं टोक सोलल्यावर निळसर हिरवी पूड तळहातावर पडली, तांब्याची तार म्हणावी असं काही उरलंच नव्हतं. बीसीएम बदलायला निघालेल्या त्या गाडीचं काम पाच वायरींत आणि एका दुपारी झालं.

ही तपासणी तुम्ही स्वतः करू शकता, निदान निम्मी. रात्री अंधारात गाडीत बसा, आतला दिवा 'दार' या खुणेवर ठेवा, दार बंद करा आणि दिवा विझू द्या. मग बाहेर कुणालातरी उभं करून दार नुसतं दाबायला, हलवायला सांगा, हँडल न ओढता. दिवा चमकला किंवा डॅशबोर्डवर दाराचं चित्र उमटलं, तर चोर सापडला. नंतर दार उघडं ठेवून, लॉकचा आकडा स्क्रूड्रायव्हरने ढकलून 'बंद' करा, म्हणजे गाडीला वाटेल दार लागलंय, आणि रबरी नळी हाताने पिळून बघा. (दार परत लावण्याआधी हँडल ओढून तो आकडा सोडवा. विसरलात तर आकडा खांबावर आपटतो. माझ्या हाताखालच्या पोराने एकदा हा पराक्रम केलाय आणि रंगाचे पैसे मी भरलेत.) नळी पिळल्यावर काही झालं नाही, पण लॉकवर थाप मारल्यावर दिवा चमकला, तर वायरी ठीक आणि लॉकमधला मायक्रोस्विच गेलेला. तो बहुतेक गाड्यांत सुटा मिळत नाही, पूर्ण लॉक घ्यावं लागतं. तरीही ते बीसीएमच्या कितीतरी खाली. बाटलीतला गंजाचा स्प्रे मारून लॉक चार दिवस बरं होतं, मग आतलं ग्रीस धुऊन गेल्यामुळे आधीपेक्षा बिघडतं. मारायचाच असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा.

सायरनचा संबंध आता लागला असेल. गाडी लॉक झाली की बीसीएम सगळ्या दारांचे, डिकीचे आणि बॉनेटचे स्विच बघत बसतो. तुटक्या वायरीचा संपर्क पहाटेच्या गारव्याने क्षणभर सुटला, दव आत उतरलं, की त्याला वाटतं कुणीतरी दार उघडलं, आणि तो बोंबलतो. तो त्याचं काम चोख करतोय. सायरनमध्ये दुसरा संशयित बॉनेटचा स्विच. पुढच्या जाळीमागे असतो, चिखल-पाणी थेट त्याच्यावर. बऱ्याच गाड्यांत शेवटचा सायरन कशामुळे वाजला याची नोंद बीसीएम ठेवतो, चांगल्या स्कॅनरवर ती वाचता येते. सर्व्हिस सेंटरला 'फॉल्ट कोड काढा' असं मोघम सांगू नका. 'सायरनच्या कारणाची नोंद दाखवा आणि लाइव्ह डेटामध्ये उजव्या दाराची ओळ उघडून ठेवा, मी दार हलवतो' असं सांगा. ती ओळ तुमच्या डोळ्यांसमोर उघडं-बंद नाचली की वाद मिटतो.

बॅटरीबद्दल मात्र मी छातीठोकपणे बोलणार नाही, कारण तुमच्याकडे डॅशकॅम आहे. 'पार्किंग मोड' चालू ठेवून तो सरळ बॅटरीवर जोडला असेल तर दोन-अडीचशे मिलिअँपियर सहज ओढतो. हिशेब बघा: निरोगी गाडी झोपली की ३० ते ५० मिलिअँपियर घेते. चार दिवसांत, म्हणजे ९६ तासांत, ३० च्या हिशेबाने जेमतेम ३ अँपियर-तास गेले, ३५ अँपियर-तासांच्या बॅटरीला त्याचं काहीच नाही. पण ३०० मिलिअँपियर जात असतील तर तेवढ्याच वेळात जवळपास २९ अँपियर-तास जातात, म्हणजे बॅटरी बसलीच. हे ३०० डॅशकॅमचे आहेत की 'दार उघडं आहे' या समजुतीने जाग्या राहिलेल्या गाडीचे, हे मोजल्याशिवाय सांगणं म्हणजे नाडी न बघता औषध देणं.

मोजायचं असं. डॅशकॅमचा फ्यूज काढा. किल्ली गाडीपासून लांब, घरात आतल्या खोलीत ठेवा. (किल्ली रोज गाडीच्या भिंतीपलीकडच्या खुंटीवर टांगत असाल तर तेही बंद करा. काही गाड्या जवळ किल्ली जाणवत राहिली की पूर्ण झोपत नाहीत, आणि किल्लीचा सेलही संपतो.) बॉनेट उघडा, त्याचा आकडा आणि दाराचा आकडा आधी सांगितल्यासारखा ढकलून ठेवा, गाडी लॉक करा, किल्ली परत आतल्या खोलीत ठेवा आणि अर्धा तास चहा प्या. गाडीतली मॉड्यूल, म्हणजे बीसीएमसारखे इलेक्ट्रॉनिक डबे, एकदम झोपत नाहीत, कुणाला दहा मिनिटं लागतात, कुणाला तीस. घाईत मोजणारा दर वेळी चुकीचा आकडा वाचतो. मग डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर निगेटिव्हच्या केबलला लावा. पन्नासच्या आत असेल तर दोष डॅशकॅमचा. जास्त असेल तर फ्यूज उपटत बसू नका. फ्यूज काढला-घातला की झोपलेलं मॉड्यूल जागं होतं आणि पुन्हा अर्धा तास गेला. त्याऐवजी मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांना टेकवा. ज्यातून करंट जात नाही तिथे शून्य. १० अँपियरच्या छोट्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट दिसला तर ढोबळमानाने १०० ते १५० मिलिअँपियर जाताहेत समजा. ही युक्ती ज्या मेकॅनिकला माहीत आहे त्याच्याकडे गाडी निर्धास्त द्या.

दुरुस्तीबद्दल एकच आग्रह. नळीतल्या वायरी जोडताना चिकटपट्टी गुंडाळून देणाऱ्याला थांबवा. तुटका भाग कापून तिथे बारीक तारांची लवचिक वायर घालायची, जोड नळीच्या बाहेर, म्हणजे वाकणाऱ्या भागाच्या दोन्ही बाजूंना घ्यायचे, सगळे एकाच जागी न घेता पुढे-मागे घ्यायचे, आणि प्रत्येकावर हीट-श्रिंकची नळी. सोल्डर वाकण्याच्या जागी आलं तर सहा महिन्यांत पुन्हा तुटतं. आणि तपासताना वायरीला सुई टोचून करंट बघू देऊ नका. ते बारीक भोक पुढच्या पावसाळ्यात पाणी पितं. जुना बल्बचा टेस्ट लॅम्प तर बीसीएमच्या कपलरच्या आसपासही नको, मल्टिमीटरच हवा.

हे सगळं करूनही काही सापडलं नाही तर बीसीएमकडे वळू. तेव्हाही आधी त्याचं अर्थिंग (बॉडीच्या पत्र्याला जोडलेली निगेटिव्ह वायर) आणि सप्लाय तपासायचा. उजव्या किंवा डाव्या पायापाशी आतल्या पत्र्यावर अर्थिंगचा नट असतो. कार्पेट उचलून वास घ्या. कुबट येत असेल तर काचेखालच्या जाळीत पानं अडकून किंवा एसीच्या नळीचं पाणी आत येतंय, आणि तो नट गंजलाय. दिवे, पंखा, मागच्या काचेचा हीटर चालू करून बॅटरीच्या निगेटिव्हपासून त्या नटापर्यंतचा फरक मोजा, ०.२ व्होल्टच्या वर गेला तर साफ करा. स्कॅनरवर अनेक मॉड्यूल 'संपर्क नाही' म्हणत असतील तर बॅटरी काढून स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये रोध मोजायला सांगा. ६० ओहम आला तर मुख्य कॅन लाइन, म्हणजे मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात ती वायरींची जोडी, शाबूत. १२० आला तर एक टोक कुठेतरी सुटलंय. याच्यापुढे जाऊन कुणी बीसीएम दोषी ठरवला तर मीही मान्य करीन.

एक गंमत सांगतो, कारण अशी केस कधी तुमच्याकडेही येईल. पुण्यातल्या एका सोसायटीत तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकाच आठवड्यात रिमोटला दाद देईनाशा झाल्या. दोघांनी सेल बदलले, तिसरा नवी किल्ली घ्यायला निघाला होता. तिन्ही गाड्या रस्त्यावर आणल्या की व्यवस्थित! दोष गाडीत नाही, जागेत आहे, इतकं तिथेच ठरलं. शेवटी सापडला तो वॉचमनच्या केबिनमध्ये. गेटचा ४३३ मेगाहर्ट्झचा जुना रिमोट टेबलाच्या खणात रजिस्टरखाली दाबला जाऊन बटण अडकलं होतं, आणि तो रात्रंदिवस एकच सूर लावून बसला होता. तुमच्या बाबतीत हे नाही, कारण तुमची एकच बाजू बिघडते. पण गाडी दुसऱ्या जागी नेऊन बघणं ही फुकटातली तपासणी आहे.

नवी किल्ली आत्ता लागणार नाही, पण दुसरी किल्ली घरात कुठे आहे ते बघा. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही किल्ल्या मागते. लाइव्ह डेटा उघडलाच आहे तर गाडीत किती किल्ल्या नोंदलेल्या आहेत तेही विचारा. बहुतेक गाड्यांत तो आकडा दिसतो. तुमच्याकडे दोन आणि गाडीत तीन असतील, आणि गाडी सेकंडहँड घेतलेली असेल, तर सगळ्या पुसून तुमच्या दोनच पुन्हा नोंदवून घ्या. जो किल्लीवाला आरसी आणि ओळखपत्र न बघता हे करून देतो त्याच्याकडे जाऊ नका. तो दुसऱ्या कुणालाही तुमच्या गाडीची किल्ली करून देईल.

आता चोरांचं. हो, खरं आहे, आणि नवीनही नाही. २०११ सालीच झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा गाड्या अशाच उघडून चालू करून दाखवल्या होत्या. यात कोड फोडावा लागत नाही. एक जण गाडीपाशी उभा राहतो, दुसरा तुमच्या घराच्या दारापाशी, आणि मधली यंत्रं गाडीची ती दीड मीटरची हाक लांब नेऊन किल्लीच्या कानात घालतात. किल्लीला वाटतं गाडी शेजारीच आहे, ती इमानदारीने उत्तर देते. रोलिंग कोड, म्हणजे दर वेळी बदलणारा कोड, इथे कामाला येत नाही, कारण उत्तर खऱ्या किल्लीचं आणि ताजंच असतं. उपाय म्हणजे रात्री किल्लीला ती हाक ऐकूच येऊ द्यायची नाही. बाजारात त्यासाठी खास पाकिटं मिळतात, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबाही बहुतेकदा चालतो. पण डबा असो की पाकीट, विश्वास ठेवण्याआधी परीक्षा घ्या: किल्ली आत घालून झाकण लावा, डबा काखेत धरून गाडीपाशी जा आणि डाव्या हँडलचं बटण दाबा. दार उघडलं तर तो डबा परत स्वयंपाकघरात.